ठासणीची बंदूक कुरिअरने आली

बंदूक गुरुवारी दुपारी आली. मी मीटिंगमध्ये अडकलेलो, बायको मुलीला शाळेतून आणायला गेलेली, आणि कुरिअरवाला चार फुटी खोका दाराला टेकवून निघून गेला होता. सही नाही, ओळखपत्र नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा खोक्यावर बोटभर बर्फ साचला होता. मी तो तसाच उचलून आत आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. उघडायला मात्र अर्धा तास हात धजावला नाही.

त्या अर्ध्या तासात मला आजोबा आठवत होते.

आमच्या घरी, कुडाळजवळ, शेती संरक्षणाची बंदूक होती. ठासणीची, एकनळी, केपवर, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीवर, उडणारी. सिंधुदुर्गातल्या वाचकांना ती कशी असते हे सांगायला नको. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि आजोबा रात्री मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, झोपायला जायचे. वर्षाकाठी चार-पाच बार, तेही बहुतेक आभाळाकडे तोंड करून. एवढ्यासाठी परवान्याचं पुस्तक, त्याच्या नूतनीकरणाला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, फेऱ्या, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत असो की लोकसभा, आजोबा गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन एसटीने जायचे आणि पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवायचे. एका वर्षी ती परत मिळेपर्यंत खालच्या कुणग्यातलं, म्हणजे शेताच्या तुकड्यातलं, सगळं भात डुकरांनी लोळवलं होतं. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. पावती दाखवून बंदूक घरी आणली, तेल लावलं, खुंटीला टांगली.

आणि इथे पेनसिल्वेनियात त्याच जातीची बंदूक दाराशी बर्फात पडली होती.

हे कसं, तर अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात ‘पुराणी शस्त्रं’ असा एक वेगळा वर्ग आहे. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका त्यात येतात, आणि तोंडाकडून काळी दारू ठासायच्या, तयार काडतूस न चालणाऱ्या नव्या प्रतिकृतीसुद्धा. त्या कायद्याच्या लेखी ही ‘बंदूक’ नव्हेच. प्रत्येक राज्याचं तंत्र मात्र निराळं. शेजारच्या न्यू जर्सीत हिच्यासाठीही ओळखपत्र काढावं लागतं. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत या वाटेला गेलो नव्हतो, आणि व्हिसावर असलेल्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

आता घरचे काय म्हणाले ते. पुण्याच्या मावसभावाने लिहिलं, ‘तूही तिकडचाच झालास.’ हे मला लागलं, अजून लागतं. रोज बातम्यांत शाळा दिसतात, मॉल दिसतात, माझीही मुलगी इथल्याच शाळेत जाते, वर्गात लपून बसायची कवायत करते. ते भय मला पुण्यातल्या कुणापेक्षा जास्त कळतं. पण ज्या हत्यारात एक गोळी भरायला माझ्यासारख्याला दीड मिनिट लागतं, दारू मापायची, कापड लावायचं, गजाने ठासायचं, रंजक म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू घालायची, त्या हत्याराला आणि त्या बातम्यांमधल्या हत्यारांना एका तागडीत घालणं अन्यायाचं आहे. आमच्या घरात ही गोष्ट तीन पिढ्या खुंटीवर होती. मी इथे येऊन ती शिकलो नाही.

तर निवड कशी केली ते लिहितो, कारण मला हे मराठीत कुठेच वाचायला मिळालं नाही आणि इथल्या गावांत राहणारी आपली माणसं आता शिकारीकडे वळू लागली आहेत.

हातात ५०० डॉलर होते, सगळं धरून. दुकानात गेलं की पहिल्यांदा ‘इनलाइन’ पुढे करतात. दिसायला आजच्या रायफलीसारखी. केप दारूच्या थेट मागे बसते, म्हणून ते नाव. १९८५ मध्ये टोनी नाइट यांच्या एमके-८५ या रायफलीपासून हा प्रकार फोफावला. सीव्हीए किंवा ट्रॅडिशन्स या कंपन्यांची नवी, साधी इनलाइन मला तीनशेच्या आत मिळत होती. बार हटकून उडतो, दुर्बीण लावता येते, धुवायला सोपी. नुसता फ्रीझर भरायचा असेल तर ती घ्या, मी आड येणार नाही.

पण पेनसिल्वेनियात नाताळानंतर जो हरणांचा हंगाम असतो त्यात इनलाइन चालत नाही. केपची जुनी बंदूकही चालत नाही. फक्त चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी, ठिणगीने पेल्यातली रंजक पेटणार, आणि तिची आग नळीच्या कानातून, म्हणजे बुडाजवळच्या बारीक भोकातून, आतल्या दारूला लागणार. १९७४ मध्ये या राज्याने चकमकीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम सुरू केला आणि तो आजवर जपला आहे. अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. पुढे जगाने तिला केंटकीचं नाव दिलं, याचं इथल्या म्हाताऱ्यांना आजही वाईट वाटतं. आपली जुनी वस्तू वापरात राहील अशी एखादं राज्य कायद्यात जागा करून ठेवतं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे रंजक, तोडा, चकमक हे शब्द बखरींत राहिले. ‘ठासून सांगणं’ आणि ‘फुसका बार’ रोज तोंडात असतात, पण ते कुठून आले हे मुलांना दाखवायला हातात वस्तू नाही.

म्हणून चकमकीचीच घ्यायची ठरली, आणि तिथेच बजेटचं गणित बदललं. केपच्या बंदुकीत स्वस्त माल खपून जातो, चकमकीत खपत नाही. घोड्याची कमान मऊ असेल किंवा पट्टीचं पोलाद नीट कडक केलेलं नसेल तर ठिणगीच पडत नाही. मग बाकी नक्षीकाम कितीही असो, बार फुसकाच. शेजारचे आजोबा (वय ७८, चाळीस वर्षं याच हंगामात जातात) म्हणाले की नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा जुनी चांगली शोध. पैसे कुलपात घाल, लाकडात घालू नकोस. ठिणगी पाडणाऱ्या सगळ्या यंत्रणेला इथे कुलूपच म्हणतात.

जुनी शोधताना तीन गोष्टी बघत गेलो. नळीचे आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणारे आतले पिळाचे चर, किती सावकाश फिरतात, हे पहिलं. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश फेरा लागतो, साधारण ६० ते ७० इंचांत एक. लांबट गोळीला जलद लागतो, २८ इंचांत एक. ४८ इंचांत एक हा मधला मार्ग, दोन्ही बऱ्यापैकी चालवून घेणारा. पहिलीच बंदूक असेल आणि पुढे काय आवडेल हे ठाऊक नसेल तर हाच बरा. दुसरं, व्यास. इथे किमान पॉइंट ४४ इंच लागतो. मी पॉइंट ५० घेतला, कारण त्याच्या गोळ्या कुठेही मिळतात. तिसरं, नळीचा तळ. काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते, तेही नेमकं दारू बसते तिथे. तोंडाशी आरशासारखी चमकणारी नळी तळाशी चाळणी झालेली असू शकते. म्हणून बारीक दिवा आत सोडून बघायचं, तेल लावलेलं फडकं गजावरून आत-बाहेर फिरवायचं. कुठे अडखळलं तर सोडून द्यायची.

ऑक्टोबरमध्ये एका शेतावर घरगुती सामानाची विक्री होती. गोठ्याच्या भिंतीला एक चकमकीची बंदूक टेकवून ठेवलेली, किंमत २७५. मी हरखलो, उचलायला हात पुढे केला. शेजारच्या आजोबांनी मला मनगटाला धरून थांबवलं. नळीचं तोंड छपराकडे केलं, गज आत सोडला, तोंडापाशी अंगठ्याने खूण धरली. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावला. कानापर्यंत पोहोचायला चार बोटं कमी होता.

बंदूक भरलेली होती. किती वर्षांपासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. विकणारी बाई पांढरी पडली. तिच्या दिवंगत सासऱ्यांची होती, आणि नातवंडं सकाळपासून त्या बंदुकीशी खेळत होती.

माझ्या पायांतलं बळ गेलं, पण ते भीतीने नव्हे. ती खूण, तो अंगठा, ते बाहेरून मापणं, हे सगळं मी शंभरदा बघितलं होतं. ओटीवर. आमचे आजोबा बंदूक खुंटीवरून काढली की पहिल्यांदा हेच करायचे, आणि गज नीट तळाला गेलेला दिसल्याशिवाय घरातल्या कुणालाही ती हातात द्यायचे नाहीत.

शेवटी मला मिळाली ती दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून, जुनी थॉम्पसन सेंटर हॉकेन. ही न्यू हॅम्पशायरची कंपनी, १९७० मध्ये तिने ही बंदूक काढली. नाव घेतलं सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंचं. पॉइंट ५०, नळी २८ इंच, ४८ चा फेरा. दोन चाप आहेत, मागचा ओढून ठेवला की पुढचा अगदी हलका होतो. एक पाचर ठोकून काढली की नळी दस्त्यापासून सुटते आणि बादलीत उभी करून धुता येते. पोस्टेजसकट ३९० डॉलर पडले. आधी त्याच्याकडून नळीच्या तळाचे आणि अंधारात ठिणगी पडतानाचे व्हिडिओ मागवले होते. न लाजता मागा. चांगला विकणारा देतोच.

उरले ११०. गोळ्या, कापडाच्या चकत्या, चार गारगोट्या, पितळी माप, कान साफ करायची तार यांत साठेक गेले. आणि मग दारू.

दारूने मला रडवलं. बंदूक दाराशी टाकून जाणाऱ्या या देशात काळी दारू मिळता मिळत नाही. तीन आठवडे, पाच दुकानं, शेवटचं घरापासून सत्तर मैलांवर. सगळीकडे बदली पावडर: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन. ती इनलाइनला उत्तम, केपलाही चालते. पण तिला पेटायला जास्त उष्णता लागते, पेल्यातल्या ठिणगीला ती दाद देत नाही. एका दुकानात काउंटरवरच्या तरुणाने मला ठामपणे सांगितलं की चालेल, मी विश्वास ठेवला, डबा घेतला आणि दिवसभर रेंजवर नुसत्या ठिणग्या पाडत बसलो. ते पैसे पाण्यात गेले, त्याचा मला अजून राग आहे. ज्या हंगामासाठी राज्य वेगळा परवाना विकतं, त्याला लागणारी दारू राज्यातली दुकानं ठेवत नाहीत! कारण समजतं: खरी काळी दारू कायद्याने स्फोटक, ती साठवायचे नियम कडक, कुठला दुकानदार कशाला डोक्याला ताप घेईल. आपल्या वापरापुरती ५० पौंडांपर्यंत ठेवायला केंद्रीय कायद्याने सूट आहे, पण आधी ती मिळायला हवी. ऑनलाइन मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क. एक पौंडाच्या एकाच डब्याला ते शुल्क परवडत नाही, म्हणून लोक मिळून मागवतात.

इथे मला आजोबांची बाजू उचलून धरावीशी वाटते. त्यांची दारू मोजकी असायची, परवान्यावर नोंदवून मिळायची, पण मिळायची. कुणी त्यांना भलती पुडी देऊन ‘चालेल’ म्हटलं नाही. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, ७५, १० आणि १५. हे प्रमाण मला त्यांनीच ओटीवर बसून तोंडपाठ करवलं होतं.

मला शेवटी दारू दिली ती शेजारच्या आजोबांनीच. एक पौंड, कॉफीच्या मगाशेजारी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन; ७० ग्रेनचा एक बार धरला तर शंभर बार. ‘शंभर झाले की मग बोलू,’ म्हणाले. पुढच्या ऑर्डरमध्ये आता माझाही वाटा आहे.

पहिला बार उडाला तेव्हा पांढऱ्या धुराने समोरचं काही दिसेना. आणि वास! दिवाळीच्या पहाटेचा वास, पण जाड, गंधकाचा. मी धूर विरेपर्यंत तसाच उभा राहिलो.

या वर्षी हंगामाला गेलो नाही. शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स झाला आहे, परवानाही खिशात आहे. पण ५० यार्डांवर पाचांतल्या पाच गोळ्या कागदी ताटलीत बसत नाहीत तोवर हरणावर बार टाकायचा नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. सध्या तीन बसतात. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडत राहिलं की आजोबा जेवत नसत.

रविवारी रात्री गरम पाणी आणि साबणाने नळी धुतो. घरभर सडक्या अंड्यांचा वास पसरतो, बायको खिडक्या उघडते, बाहेर उणे आठ. गेल्या आठवड्यात धुताना आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला मी आजवर सांगितलं नव्हतं. मावसभावाकडून कळलं होतं. मी बोलणी खायची तयारी करून बसलो. तिने नळी बघितली, बादली बघितली, काळं पाणी बघितलं. बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, “खुंटयेक लावच्याआधी गज घालून बघतंस मां?”