पीएफटी, खर्ज आणि केसपेपरवरचं वय : माझा अनुभव

श्वास मोजायला पाऊण तास पुरतो, वय दुरुस्त करायला मात्र अख्खी दुपार जाते. सांगलीतल्या त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

मी मिरजेत गाणं शिकते. पहाटे खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, लावताना षड्ज (सा) मधेच तुटायला लागला, रात्री खोकला, छातीत शिट्टी. डॉक्टरांनी पीएफटी लिहून दिली, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी. नंबर लागला, पैसे भरले, काही त्रास नाही.

या तपासणीत गाणाऱ्याला सगळं उलटं करायला लागतं. आम्ही श्वास कंजुषीनं खर्चणारी माणसं. मिरजेच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते, तिथले संथ आलाप ऐकत माझा कान घडला. इथं नाकाला चिमटा, ओठ नळीवर घट्ट, छाती भरून श्वास आणि तो एका झटक्यात बाहेर! धडधाकट फुप्फुसांतली पाऊण हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते, तेवढी पडते का ते यंत्र बघतं. पुढं हवा संपली असं वाटलं तरी सहाएक सेकंद रेटत राहायचं. "फुंका, फुंका, अजून, अजून!" टेक्निशियन मुलगी ओरडत होती. शेवटचं रेटणं मला जमलं. "मावशी, गाता काय?" असं तिनं विचारलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. असं तीनदा तरी नीट जमावं लागतं. मग पंपानं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. (जेवण तुडुंब नको. साडी असेल तर परकराची गाठ सैल ठेवा.)

रिपोर्ट हातात आला, त्यावर वय २५. माझं ५२. यंत्र आपला आकडा वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेल्या अपेक्षित आकड्याशी ताडून बघतं. पंचविशीतल्या पोरीशी माझी तुलना केली तर मी कमीच भरणार!

टेक्निशियन म्हणाली, केसपेपरवर आहे तेच मी घालते. केसपेपरची खिडकी म्हणाली, सिस्टीमला एकदा गेलं की आमच्या हातात नाही. साहेबांची सही आणा. साहेब जेवायला. साहेब आले, तर आधारची झेरॉक्स पाहिजे. झेरॉक्सवाल्याची लाईट गेलेली. झेरॉक्स मिळाली, तर म्हणाले अर्ज लिहा, "वय चुकीचे नोंदविल्याबाबत". नोंदवलं कोणी, अर्ज कोणी करायचा? "दोन आकडे मागंपुढं झालेत, त्यात काय एवढं," खिडकीतला म्हणाला. मग दुरुस्त कर की बाबा!

बाकावर बसले तेव्हा श्वास पार गळ्याशी आला होता. राग आला की तो वरवरच चालतो. चार मोजत आत, आठ मोजत बाहेर असं सुरू केलं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून बाहेर जाणारा लांब ठेवायचा. हातात पेन होतं. अर्जाच्या कच्च्या कागदावर उच्छ्वासाबरोबर रेघ ओढायची, तो संपला की थांबायचं. पहिल्या रेघा आखूड, थरथरत्या. नंतरच्या पार समासापर्यंत. राग गेला नाही, पण सही मागताना आवाज चढला नाही.

सही झाल्यावर टेक्निशियननं वय बदलून मिनिटात नवा कागद काढला. पुन्हा फुंकायलाही लागलं नाही. तेव्हा फुंकायच्या आधीच केसपेपरवरचं वय आणि उंची वाचून घ्या, आधारची झेरॉक्स घरूनच न्या. आधीपासून पंप घेत असाल तर तपासणीआधी किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

दमा निघाला, सौम्य. गाणं सोडू नका, डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइडचा पंप दिलाय. तो घेतल्यावर चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं. नाहीतर त्या पंपानं आवाज बसू शकतो, आणि हे मला खिडकीवरच्या कुणी नाही, गाण्याच्या क्लासातल्या एका बाईंनी सांगितलं.