आधी घोडा, मग आपण

कॅलिफोर्नियातल्या ज्या ट्रेलवर चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार अशा तिघांनाही परवानगी असते, तिथे तोंडाशीच एक पिवळी त्रिकोणी पाटी लावलेली असते. तीन कोपऱ्यांत तिघांची चित्रं आणि मधे बाण. कोणी कोणाला वाट द्यायची त्याचा हा तक्ता. सायकलवाल्याने सगळ्यांना द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला द्यायची आणि घोड्याने कोणालाच नाही. पुण्यात ज्याचा जन्म रस्ता ओलांडण्यात गेला त्याला ही पाटी वाचून गहिवरून येतं. सायकल आपल्यासाठी थांबणार, तीही न ओरडता!

बाबा गेल्या वर्षी आमच्याकडे आले होते तेव्हा मात्र त्यांना त्यातलं घोड्याचं कलम खटकलं. "म्हणजे आपला नंबर जनावराच्या खाली?" त्यांनी विचारलं. ऐन तारुण्यात हरिश्चंद्रगड, राजगड पालथे घातलेला माणूस, त्यामुळे डोंगरातल्या मानपानाबद्दल ते हळवे आहेत. अर्ध्या तासात समोरून खरंच घोडा आला, वर एक वयस्कर बाई. नियमाप्रमाणे आम्ही उताराच्या बाजूला उतरून उभे राहिलो. बाई हसून म्हणाल्या, जरा बोलत राहा, म्हणजे त्याला कळेल की तुम्ही माणसं आहात. पाठीवर सॅक घेतलेला, टोपी घातलेला, गप्प उभा प्राणी घोड्याला वाघासारखाच वाटतो म्हणे. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तोवर बाबांनी सुरुवात केली होती. "काय रे राजा, दमलास का? पाणीबिणी प्यायलास की नाही?" घोड्याने एक कान त्यांच्याकडे वळवला आणि शांतपणे पुढे गेला. त्यानंतर बाबांनी त्या कलमाबद्दल तक्रार केली नाही.

हे सगळं चायना कँप स्टेट पार्कमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सॅन राफेल गावाजवळ, सॅन पाब्लो उपसागराच्या कडेने हे पार्क पसरलंय. खाली खारी दलदल, वर ओक आणि बे लॉरेलची झाडी, मधूनच मँझनीटाच्या लालभडक गुळगुळीत फांद्या. नावात चायना आहे कारण १८८०च्या दशकात इथे कँटनकडून आलेल्या चिनी कोळ्यांची वस्ती होती, जवळजवळ पाचशे माणसांची. ते कोळंबी धरत, वाळवत आणि बरीचशी मायदेशी पाठवत. मग १९०५मध्ये सुक्या कोळंबीच्या निर्यातीवर बंदी आली, १९११मध्ये त्यांच्या पिशवीसारख्या जाळ्यांवर. कायदा मासळीच्या रक्षणाचा, पण नेम माणसांवर होता हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आता धक्का आणि काही लाकडी खोपटी उरलीत. माझं कोकणी नाक तिथे गेलं की हमखास सुकटीचा वास शोधतं.

सायकलवाल्यांसाठी या भागाचं महत्त्व निराळंच. ज्याला आज माउंटन बायकिंग म्हणतात ते पोर या मरीन काउंटीत वाढलं. जवळच्या फेअरफॅक्स गावावरच्या डोंगरात १९७६च्या ऑक्टोबरमध्ये काही पोरांनी जुन्या, जड श्विन सायकली घेऊन उतरणीची शर्यत लावली. वाट तीन-साडेतीन किलोमीटरची, उतार सुमारे १३०० फुटांचा. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर चाकाच्या मधला हब खोलून ग्रीस पुन्हा भरायला लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच रीपॅक पडलं. गंमत अशी, की याच काउंटीतल्या बहुतेक अरुंद पायवाटांवर आज सायकलला मज्जाव आहे. शेजारच्या टॅमल्पायस डोंगरात त्यांना मुख्यतः फायर रोडवर, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर समाधान मानावं लागतं. चायना कँप त्याला अपवाद. त्यामुळे रविवारी सकाळी इथे जी झुंबड उडते तिच्यात आमच्या घरचा एक गडी असतोच.

आम्ही निघतो बरोबर. पार्किंगमध्ये सायकल उतरवेपर्यंत नवरा माझा असतो, त्यानंतर तो वरच्या बे व्ह्यू ट्रेलचा. मी खालच्या शोअरलाइन ट्रेलने डबा घेऊन चालत जाते. भेटल्यावर तो वळणांबद्दल बोलतो, मुळांबद्दल बोलतो, कुठल्या दगडावर चाक घसरलं ते सांगतो. पाण्यावर आज पेलिकन होते का, विचारलं तर गप्प. नाव बे व्ह्यू आणि हा बघतो पुढची चार हात माती! मीही फार साव नाही म्हणा. पॉयझन ओकची तीन-तीन पानं अंगाला लागू नयेत म्हणून अर्धा वेळ माझीही मान खालीच असते. लागली तर आठवडाभर खाज.

मान खाली असल्यामुळेच मला एक गोष्ट दिसली. ही वाट सपाट नाही, बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला ती किंचित कललेली आहे. आणि चढ चालू असताना मधेच चार पावलं उतार येतो, पुन्हा चढ. मला आधी वाटलं, मजुरांनी कंटाळा केला असेल. मग कळलं, हे सगळं पाण्यासाठी. कललेल्या वाटेवरून पाणी पातळ पसरून खाली उतरतं आणि त्या छोट्या उताराशी त्याला बाहेरची वाट मिळते, ते वाटेवरूनच धावत सुटत नाही. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये असाही या कामातल्यांचा ठोकताळा आहे. आपल्या सह्याद्रीत वाट नाकासमोर वर जाते, कारण ती गुरांनी आणि गावकऱ्यांनी गरजेपोटी पाडलेली. जुलैत त्याच वाटेचा ओढा होतो आणि आपण आनंदाने ओढ्यातून चढतो.

वाट राखायचं काम इथे बरंचसं फुकट होतं. २०११मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा २७८पैकी ७० स्टेट पार्क बंद करायची यादी निघाली, तिच्यात हेही होतं. शेवटी फ्रेंड्स ऑफ चायना कँप या स्थानिक लोकांच्या संस्थेने ते चालवायला घेतलं. श्रमदानाच्या दिवशी एरवी एकमेकांवर डाफरणारे सायकलवाले आणि चालणारे एकाच ओळीत मॅक्लाउड घेऊन उभे असतात. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूने फावडं, दुसऱ्या बाजूने दंताळं. भांडण तेव्हाही चालतं, पण हात चालू असतात.

पाऊस इथे हिवाळ्यात. जानेवारीत टेकड्या अशा हिरव्या होतात की क्षणभर मावळात आल्यासारखं वाटतं, आणि नेमक्या तेव्हाच सायकली घरी. ओल्या चिकणमातीत चाक गेलं की चर पडतो आणि तो उन्हाळ्यात दगडासारखा वाळतो, म्हणून माती सुकेपर्यंत जायचं नाही, असा संकेत. नवरा गॅरेजमध्ये साखळीला तेल घालत बसतो आणि दर तासाला फोनवर हवामान बघतो. हे मी बाबांना फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पाऊस पडला म्हणून डोंगरात जायचं नाही? मग जायचं कधी?"