वाघोलीच्या आकाशात अरुंधती केशातील दीर्घिका

नागपूरहून जबलपूर महामार्गाने मनसर ओलांडून पवनीपासून सिल्लारीच्या बाजूला वळलो, तेव्हा मार्चमधल्या अमावास्येचा अंधार पडू लागला होता आणि रस्त्याकडेचा मोह फुलला होता. पेंच व्याघ्र प्रकल्प हे भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा काळोख जपलेले उद्यान) असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. तिथल्या वाघोली तलावाजवळ मी १० इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची) दुर्बीण मांडली.

अरुंधती केश या तारकासमूहातला दीर्घिकासमूह (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड पुंजके) सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. विदर्भातून तो मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येतो. ऐकायला हे सोयीचे वाटते. प्रत्यक्षात डॉब्सोनियन सरळ वर रोखली की ती हलवणे जिकिरीचे होते, म्हणून अकराच्या सुमारासच कामाला लागलो. अरुंधती केशातल्या बीटा ताऱ्यापासून पश्चिमेला अडीच-तीन अंश सरकल्यावर सातव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) एक तारा लागतो. त्याची चमक डोळ्यांवर येते, म्हणून तो नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) दृश्याबाहेर ढकलणे उत्तम.

नकाशा मी मुद्दाम बंद ठेवला. आधी नकाशा पाहिला, तर त्यात असलेली प्रत्येक दीर्घिका ‘दिसू’ लागते! लाल उजेडात वहीवर फक्त ठिपके काढले, नळीला हलकी टिचकी मारून जो पुसटपणा ताऱ्यांबरोबर सरकला तेवढाच धरला आणि मगच ताडून पाहिले. पूर्व-पश्चिम लांबट होती ती एनजीसी ४८८९ (एनजीसी ही अशा खगोलीय वस्तूंची क्रमांकवार सूची). सुमारे ७ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पश्चिमेला, अधिक गोल आणि विसविशीत, ती ४८७४. हिच्या अंगाला चिकटलेल्या कणांपैकी दक्षिणेचा ४८७२ ठरला, पश्चिमेचा ४८७१. उत्तरेच्या ४८७३ पुढे मात्र प्रश्नचिन्ह राहिले.

रखवालदारभाऊ डोळा लावून म्हणाले, “सर, मले तं काहीच नाही दिसून राह्यलं.” मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतात, त्यामुळे “भाऊ, नजर जरा बाजूला ठेवा,” एवढेच सांगितले. थोड्या वेळाने ते उद्गारले, “हाय, हाय! फुंकर मारल्यावानी.” मग त्यांनी विचारले की, इतक्या साऱ्या एका जागी कशा टिकल्या? खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ मध्ये याच समूहाबाबत हा प्रश्न पडला होता: दीर्घिकांचा वेग एवढा, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर समूह केव्हाच विखुरला असता. न दिसणाऱ्या द्रव्याची कल्पना त्यातूनच त्यांनी मांडली.

नंतर याच समूहातली सर्पिल, म्हणजे वळणदार भुजांची, दीर्घिका ४९२१ शोधली. भुजा दिसण्याची आशा १० इंचांकडून ठेवणे व्यर्थच. वहीत ‘मोठी, अतिमंद, निश्चित’ अशी नोंद झाली.