येतो-जातो असा आवाज

डिसेंबर 2024 मध्ये भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एक गेमिंग मशीन दिलं. दोन महिने होऊन गेले, पैसे मिळाले, तक्रारही मिटली. तरी रात्री दुकानाचं शटर ओढताना ते मशीन डोक्यात येतं.

जळगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. मशीन जोडायला दीड तास लागतो. बाकीचा वेळ गिऱ्हाइकाच्या मनातलं सामान आणि त्याच्या खिशातले पैसे यांचा मेळ घालण्यात जातो. हल्ली पोरं व्हिडिओ बघून यादी तयार करूनच येतात. पहिला प्रश्न एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, किती मिळतील, दुसरा लाइट किती रंगांचे. आवाजाबद्दल चौदा वर्षांत मोजून पाच-सहा जणांनी विचारलं असेल.

या पोराने विचारलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सोबत वडील. बजेट साठ हजार, मॉनिटर घरचा, 75 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 75 फ्रेम दाखवणारा. वडील मालगाडीवर लोको पायलट. अर्धा तास ते स्टुलावर गप्प बसून होते. पोराचं बोलून झाल्यावर एवढंच म्हणाले, "भाऊ, दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. मी रात्री गाडी चालवतो आणि दिवसा झोपतो. मशीन माझ्या खाटेजवळच राहील. याचा आवाज होईल का?"

मी म्हणालो, "काका, होऊ देणार नाही."

हे वाक्य मी मनापासून बोललो होतो. मालगाडीचा माणूस न झोपता इंजिनावर चढला तर काय होऊ शकतं, हे भुसावळच्या आसपास राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पोराच्या यादीत एक सेकंडहँड ग्राफिक कार्ड होतं, आरएक्स 6700 एक्सटी. वीस हजारांत मिळत होतं आणि ताकद चांगली. पण ते 230 वॅट ओढतं. त्याच पैशांत नवं आरएक्स 6600 येत होतं, 132 वॅटचं. आरटीएक्स 4060 तर 115 वॅटवर चालतं, पण ते बजेटच्या बाहेर जात होतं. मी पोराला सांगितलं, जी वीज कार्ड ओढतं तिची शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायला पंखा लागतो आणि पंखा म्हणजे आवाज. शंभर वॅट कमी ओढणारं कार्ड घेतलं की शांतता निम्मी तिथेच विकत मिळाली. त्याचा चेहरा पडला. मित्राकडे 6700 होतं. वडिलांकडे एकदा बघून तो "चालेल" म्हणाला.

प्रोसेसर रायझन 5 5600. तो 65 वॅटचा आहे, एएम4 सॉकेटवर बसतो, आणि त्याचा मदरबोर्ड आणि डीडीआर4 रॅम तेव्हा स्वस्तात मिळत होते. डब्यात कंपनीचा छोटा कूलर येतो. तो काम करतो, पण लोड आला की किंचाळतो. म्हणून दोन हजार जास्त घालून चार हीट पाइपचा टॉवर कूलर लावला, 120 एमएमच्या पंख्याचा. हार्ड डिस्क घेतलीच नाही, त्याऐवजी एक टीबीची एनव्हीएमई, जिच्यात फिरणारं काहीच नसतं. 7200 आरपीएमची डिस्क कॅबिनेटच्या पत्र्याला जी बारीक थरथर देते, तिच्यावर कुठलाच पंखा उपाय नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, 550 वॅटचा. या मशीनला तीनशेच्या आसपास लागतात, म्हणजे तो निम्म्या लोडवर चालतो आणि त्याचा स्वतःचा पंखा सावकाश फिरतो.

कॅबिनेटचं मात्र सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक चालते. डिस्ट्रिब्युटर आग्रहाने जे विकतात त्याला समोर काच आणि आत चार रंगीत पंखे फुकट. काचेतून वारा आत येत नाही. कडेच्या बोटभर फटीतून जेवढा येईल तेवढाच. आणि ते फुकटचे पंखे बऱ्याचदा थेट मोलेक्सच्या वायरवर असतात. म्हणजे बारा व्होल्ट, चोवीस तास, पूर्ण वेग. त्यांना सावकाश फिर म्हणून सांगायची सोयच नाही. पोरं लाइट बघतात आणि घरी नेऊन म्हणतात, कार्डचा आवाज येतो. मी समोर जाळीचं, साधं, काळं कॅबिनेट दिलं आणि पीडब्ल्यूएमचे, म्हणजे बोर्डाला वेग कमी-जास्त करता येणारे, चार पिनचे तीन पंखे लावले, दोन पुढे, एक मागे. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा तीन सावकाश फिरवायचे.

बिल सत्तावन्न हजार सातशे झालं. रात्री बाजार बंद झाल्यावर गेम लावून बसलो आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्यांची कर्व्ह बसवली, म्हणजे किती तापलं की पंखा किती पळायचा ते ठरवलं. हा रायझन ब्राउझर उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि लगेच खाली येतो. कर्व्ह सरळ चढती ठेवली तर पंखा त्याच्यामागे धावतो, सूं करून चढतो आणि उतरतो. म्हणून 65 अंशांपर्यंत पट्टी सपाट ठेवली आणि चढायला काही सेकंदांचा उशीर दिला. मोबाइलचं ॲप एका हातावरून 34 डेसिबल दाखवत होतं. इतक्या खाली मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो हे मला माहीत आहे, तरी आकडा बघून समाधान वाटलं. माझ्या हातचं ते सगळ्यात शांत गेमिंग मशीन होतं.

आठव्या दिवशी पोराचा फोन. "दादा, पप्पांना झोप लागत नाहीये. मला तर काहीच ऐकू येत नाही."

त्याला ऐकू येणार कसं? त्याच्या कानाला हेडफोन. मशीनचा आवाज मशीन वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, तो पोचतो शेजारी झोपलेल्यापर्यंत. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पॅसेंजरने भुसावळला गेलो. चोवीस किलोमीटर, पण दुकान अर्धा दिवस कामाच्या पोरावर सोडून जायचं म्हणजे जिवावर येतं. क्वार्टरच्या मागेच यार्ड. मी पोचलो तेव्हा शंटिंग चालू होतं, डबे एकमेकांवर आदळत होते आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या. या गोंगाटात झोपणाऱ्या माणसाला 34 डेसिबलचा त्रास होतो? मनात आलं ते मी बोलून दाखवलं.

काका म्हणाले, "यार्डाचं काही नाही हो. वीस वर्षं ऐकतोय. सलग आवाजात मी ठार झोपतो. इंजिनात पण तसंच, ब्लोअर केवढा ओरडतो, त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण त्याचा सूर जरा बदलला की माणूस दचकून बघतो. तुमच्या या डब्याचा आवाज बारीक आहे, पण एकसारखा नाही. येतो-जातो."

आणि त्यांनी हाताने दाखवलं. पंजा वर, पंजा खाली. सेकंदाला एकदा.

मी पोराला गेम लावायला सांगितलं आणि काकांच्या खाटेवर आडवा झालो. उशीवर डोकं टेकवलं. आधी एक बारीक, तिखट शिट्टी ऐकू आली, गेमच्या मेनूत वाढणारी आणि खेळ सुरू झाला की बदलणारी. ती ओळखीची होती. कार्डावरच्या कॉइल करंटबरोबर कंप पावतात. मेनूत काम काहीच नसल्यामुळे कार्ड सेकंदाला सहाशे-सातशे फ्रेम फेकत होतं, आणि मॉनिटर दाखवणार 75. ड्रायव्हरमध्ये 75 ची मर्यादा घातली. शिट्टी गेली, कार्डाची वीजही निम्म्यावर आली. हे दुकानातच करायला हवं होतं.

मग काकांनी सांगितलेली ती घरघर ऐकू आली. वूंऽऽ... वूंऽऽ... खालून, जमिनीतून आल्यासारखी. कानापेक्षा दाढांना जाणवणारी.

उठून कॅबिनेटखाली वाकलो. जमिनीवरची धूळ लागू नये म्हणून पोराने मशीन एका लोखंडी पेटीवर ठेवलं होतं. काकांची जुनी लाइन बॉक्स, ड्युटीवर सामान न्यायची. काळा रंग, कोपऱ्यांना रंग उडून पत्रा उघडा पडलेला, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं नाव अर्धवट पुसलेलं. वर्षानुवर्षं ती इंजिनावर चढली-उतरली होती. आता काका बॅग नेतात आणि पेटी रिकामी. मी झाकणावर तळहात ठेवला. ती धडधडत होती. रिकामा पत्र्याचा ढोल, आणि वर मी दिलेलं मशीन.

पण ढोलाला वाजवणारं कोण? पुढचे दोन पंखे मी एकाच वाय-केबलवर, म्हणजे दोन फाट्यांच्या वायरवर, जोडले होते. त्या केबलवर बोर्डाला एकाच पंख्याचा वेग दिसतो, दुसरा आंधळा. दोन्ही बोर्डावरच्या वेगळ्या हेडरवर, म्हणजे वेगळ्या पिनांवर, लावले तेव्हा कळलं. एक 910 आरपीएमवर, दुसरा 902 वर. सिग्नल तोच, पण दोन पंखे कधी तंतोतंत सारखे नसतात. सात पात्यांचा पंखा 910 ने फिरतो तेव्हा पाती सेकंदाला 106 वेळा हवेला कापतात, आणि दुसऱ्याची 105 वेळा. हे दोन सूर कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना मारतात. सेकंदाला साधारण एकदा. काकांनी पंज्याने दाखवला होता तोच ठेका.

मी गणित पोराच्या वहीत मांडून दाखवलं. काका चष्मा लावून बघत होते. म्हणाले, "डबलिंगला दोन इंजिनं जोडली की असंच घुमतं कधी कधी."

वरचा पंखा 700 वर बांधला, खालचा 950 वर, म्हणजे सूर एकमेकांच्या जवळच येणार नाहीत. पेटी काढून खाटेखाली सरकवली. जुना माउसपॅड कापून चार पायांखाली चार तुकडे दिले आणि मशीन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं. काकूंनी तोवर भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली होती. काका जेवता जेवता मध्येच थांबून कान देत होते. शेवटी म्हणाले, "आता आहे, पण जागचा हलत नाही."

एक रुपयाचं सामान बदललं नाही. ज्या पोराने साठ हजारांत जास्त ताकदीचं कार्ड सोडून दिलं, त्याच्या बापाची आठ दिवसांची झोप माझ्या वाय-केबलने घालवली. त्या आठ दिवसांत त्यांनी किती रात्री गाडी नेली हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आणि अजून एक गोष्ट उरली आहे. ती कर्व्ह मी डिसेंबरात बसवली. खोली 18 अंशांवर होती, लोडवर प्रोसेसर 62 दाखवत होता. पंखा तेवढाच ठेवला तर खोली जितकी तापेल तितकाच प्रोसेसर वर जातो. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, वरून स्लॅब तापलेला. खोली 40 धरली तरी प्रोसेसर 84, आणि या चिपची मर्यादा 90. पंखे तेव्हा पळणार. घरात पाण्याचा कूलर चालू असेल, त्याच्या घरघरीत पंखे बुडतील असं पोराचं म्हणणं. खरंही असेल. पण लाइट गेली आणि परत आली की कूलर आधी चालू होणार की मशीन, आणि त्या मधल्या शांततेत खाटेवरच्या माणसाला काय ऐकू येणार, हे मला दुकानात बसून सांगता येत नाही.

बायोसमध्ये दुसरी प्रोफाइल साठवून ठेवली आहे. इको मोड, प्रोसेसरला कमी वॅट, पंख्यांची पट्टी 75 अंशांपर्यंत सपाट. पोराला चार-दोन फ्रेम कमी मिळतील, ते मी त्याला फोनवर सांगितलं आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात काका दोन दिवस रेस्टवर घरी आहेत. दुपारी दोनच्या सुमारास जायचं ठरलंय. थर्मामीटर घेऊन जाईन आणि आधी त्याच खाटेवर झोपून बघेन.