सरकलेली झोप मागे आणताना

रात्री दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि सकाळी दहाच्या आत जाग यायची नाही. सुट्टीत मात्र त्याच वेळांत गाढ आणि भरपूर झोप व्हायची. डॉक्टरांनी नेमकं तेच धरलं. "झोप उत्तम आहे तुमची, फक्त तिची वेळ पुढे सरकलीय," त्या म्हणाल्या. 'लवकर झोपत जा' असं वर्षानुवर्षं ऐकल्यावर या एका वाक्यानं केवढा धीर आला!

झोप हुकमानं येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातला सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका हे शरीराचं मुख्य घड्याळ. बहुतेकांमध्ये त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून ते रोज उजेडानं जुळवावं लागतं. पण उजेड कधी मिळतो यावर सगळं अवलंबून. नेहमीच्या जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्यानंतरचा उजेड झोप अलीकडे आणतो, त्याआधीचा तिला आणखी उशिरा ढकलतो. म्हणजे दहाला उठणाऱ्या मी एकदम साडेसहाच्या उन्हात जाऊन बसणं उलटच पडलं असतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून गजर दर दोन-तीन दिवसांनी पाव तासच अलीकडे घ्यायचा. उठल्या उठल्या अर्धा तास उघड्यावर. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर हजारो लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली जेमतेम काहीशे. संध्याकाळनंतर दिवे मंद, कारण प्रखर उजेडात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, दबतं. कॉफी दुपारीच बंद. झोपेच्या वहीत अंथरुणाला पाठ कधी टेकली आणि जाग कधी आली, एवढंच लिहायचं.

खरी कसोटी रविवारची. एक सकाळ लोळण्यात गेली की वहीतले पुढचे आकडे लगेच बिघडलेले दिसायचे. हळूहळू अकराच्या सुमारास जांभया येऊ लागल्या. मला जास्त आनंद झाला तो सकाळी भूक लागू लागली याचा. यकृत, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळं असतात, आणि जेवणाच्या वेळा त्यांना दिशा देतात. आता रात्रीचं जेवणही मी लवकर उरकतो. गजर सातचा आहे, रविवारीसुद्धा.