स्टाफ नर्सची ड्युटी आणि बाळाचे अंगावरचे दूध

प्रसूती विभागात काम करणाऱ्या परिचारिकेला स्वतःच्या बाळाला पाजणे मुळीच अवघड जाणार नाही, अशी माझ्या नातेवाइकांची ठाम समजूत होती, आणि पहिल्या काही महिन्यांपुरती ती खरीही ठरली. जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळाला छातीला लावणे, चीक वाया न घालवता पाजणे, बाळाने नुसते स्तनाग्र न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला आहे ना, खालचा ओठ बाहेर वळला आहे ना, हनुवटी टेकली आहे ना हे पाहणे, हे सारे मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात अनेक वर्षे इतर बायकांना शिकवत आले होते. मात्र आई आणि बाळ एकाच खोलीत आहेत, असे ही सगळी शिकवण गृहीत धरते. रजा संपल्यावर बाळ शहराच्या 'जुळे सोलापूर' या भागात सासूबाईंपाशी आणि मी वॉर्डात, अशा स्थितीत मुलीचे दूध चालू ठेवण्यासाठी जे करावे लागले ते इथे लिहीत आहे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कोणाला त्यातले काही उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

आधी रजेचा हिशेब. तेव्हा १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागू होता (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि आपले आरोग्य खाते दोघेही पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान सांगतात, म्हणजे पाणीसुद्धा नाही. २६ आठवडे आणि सहा महिने हे कागदावर जवळजवळ जुळतात, पण नवव्या महिन्यात सुजलेल्या पायांनी बारा तासांची नाईट करणे कोणाला जमत नाही, त्यामुळे रजा आधीच सुरू होते आणि ते आठवडे शेवटून वजा होतात. मी परत रुजू झाले तेव्हा मुलगी नुकती पाच महिन्यांची झाली होती. म्हणजे ज्या महिन्यात ती पूर्णपणे माझ्या दुधावर असायला हवी, त्याच महिन्यात मी दिवसाचे सात-आठ तास घराबाहेर असणार होते. वरचे दूध सुरू करायचे नसेल तर माझे दूध माझ्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचवणे एवढा एकच मार्ग होता.

याच कायद्याचे कलम ११ फारसे कोणाला माहीत नसे. रजेवरून परतलेल्या आईला नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेखेरीज, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळाली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आमच्या कार्यालयात २६ आठवडे सगळ्यांना पाठ होते, कलम ११ मात्र कोणी ऐकलेले नव्हते. दुरुस्तीनंतरच्या कलम ११अ नुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय लागत होती. आमच्याकडे त्याबाबत 'विचार चालू आहे' हे उत्तर मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत आहे. म्हणून मी पाळणाघराचा हट्ट तूर्त बाजूला ठेवला आणि लेखी अर्जात तीनच गोष्टी मागितल्या: सुट्टीच्या दोन वेळा, आतून बंद होणारी एक खोली आणि पँट्रीच्या फ्रिजमध्ये एका डब्याएवढी जागा.

मेट्रन मॅडमनी अर्ज वाचून पहिला प्रश्न विचारला तो वॉर्ड कोण बघणार हा, आणि तो योग्यच होता. त्याचे उत्तर अर्जातच द्यावे, असे मी प्रत्येकीला सुचवीन. मॉर्निंग ड्युटी आठ ते दोन. सकाळचा राऊंड आणि औषधे आटोपल्यावर साडेदहाच्या सुमारास एकदा आणि हँडओव्हरच्या आधी एकदा, अशा वेळा मी लिहिल्या होत्या आणि त्या वेळी वॉर्डात दुसरी कोणती सिस्टर असेल तेही लिहिले होते. मेहेरबानी मागितल्यासारखी भाषा ठेवली नाही आणि भांडणाचीही नाही. इनचार्ज सिस्टरांनी तारखेसह पोच दिली, तेवढ्याने पुढचे बरेच काम सोपे झाले.

खोली म्हणून सलाइनच्या खोक्यांचे स्टोअर मिळाले. त्याच्या दाराला आतून चिटकणी नव्हती. ती बसवायला जेवढा पाठपुरावा करावा लागला तेवढा कायद्यासाठीही करावा लागला नाही. बाथरूममध्ये जाऊन काढ की, असे सहज सांगणाऱ्याही भेटल्या. आपण स्वतः जिथे बसून डबा खाणार नाही तिथे बाळाचे जेवण का तयार करावे, एवढेच मी त्यांना विचारत असे.

दूध काढायला मी पंप घेतला नाही. पंपाचे चार-पाच सुटे भाग प्रत्येक वेळी धुऊन उकळावे लागतात आणि सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेव्हा धुण्याची भांडी जितकी कमी तितके बरे. झाकणाच्या दोन स्टीलच्या डब्या आणि स्वतःचे हात एवढ्यावर काम भागले. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, गरम पाण्यात पिळलेला पंचा थोडा वेळ छातीवर धरायचा आणि बोटांच्या पोटांनी काखेकडून पुढे हलके चोळायचे. मग अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला आणि तर्जनी खालच्या कडेला, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी बरगड्यांच्या दिशेने दाबायचे, नंतर बोटे एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. बोटे कातडीवर घसरू द्यायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचे नाही, ओढल्याने दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. पहिली एक-दोन मिनिटे थेंबच येतात आणि इथेच पुष्कळ जणी निराश होऊन थांबतात. पान्हा फुटला की मात्र दोन-तीन बारीक धारा एकदम डबीच्या कडेवर वाजू लागतात. धार मंदावली की बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवायची, म्हणजे सगळीकडच्या नलिका रिकाम्या होतात. दोन्ही बाजूंचे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो आणि भीती, घाई, वेदना यांनी तो काही काळ अडतो. म्हणूनच त्या चिटकणीसाठी मी इतकी अडून बसले होते.

दूध किती तयार व्हायचे ते मुख्यतः किती वेळा आणि किती पूर्णपणे निघते यावर ठरते. स्तनात दूध साठून राहिले की ते तयार होण्याचा वेग शरीर आपोआप कमी करते. आपल्याकडे मात्र नोकरदार बाईचे दूध आटले की तिच्या मायेवर, खाण्यावर किंवा 'टेन्शन'वर बोट ठेवले जाते. आळिवाचे लाडू, शतावरी, मेथी, खसखशीची खीर हे सगळे मी आवडीने खाल्ले आणि बाळंतिणीने पोटभर खावे याबद्दल दुमत नाही. परंतु सलग काही ड्युट्या दूध काढायला वेळच मिळाला नाही तर कोणताही लाडू ती भर काढू शकत नाही. वेळ देणे रोस्टर लावणाऱ्याच्या हातात असते आणि बोल मात्र आईला लागतो, हे मला या सगळ्या काळात सर्वांत जास्त खटकले.

साठवणुकीचा प्रश्न इथल्या उन्हामुळे वेगळा होतो. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालते, अशी सर्वसाधारण सूचना आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा बाहेर ठेवण्याचा विचारच केला नाही आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने फ्रिजमधलेही चोवीस तासांत संपवायचे असा घरचा नियम ठेवला. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, लसी असतात, तिथे खाण्यापिण्याचे काही ठेवायचे नसते. हा नियम आपल्या सोयीसाठीही मोडू नये, म्हणूनच मी पँट्रीचा फ्रिज मागितला होता. डबीवर चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख आणि वेळ लिहायची, वॉर्डात नमुन्यांवर लिहितो तशी. घरी नेताना बर्फाच्या दोन पिशव्यांमध्ये डबी ठेवायची. गार दूध थेट गॅसवर ठेवायचे नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचे. वर जमलेला सायीचा थर डबी हलकेच फिरवली की मिसळतो. बाळाने उष्टे केलेले दूध पुन्हा साठवायचे नाही.

पाजायचे कशाने, यावर घरात थोडी चर्चा झाली. शेजारच्यांनी बाटली सुचवली. बाटलीच्या बुचाला धार सहज येते, त्याची सवय लागली की काही बाळे अंगावर ओढायचा कंटाळा करतात, शिवाय बाटली नीट स्वच्छ होत नाही. बाटल्या आणि डब्याचे दूध यांच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुने वाटण्यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच घातलेली नाही. सासूबाईंनी माळ्यावरचे बोंडले काढून दिले, पण त्याच्या चोचीत आत ब्रश जात नव्हता, म्हणून शेवटी वाटी-चमचा ठरला. सुरुवातीला मुलगी माझ्या हातून चमचा घेतच नसे. आईचा वास आला की बाळ चमचा कशाला घेईल? मी जिना उतरून गेल्यावर सासूबाईंनी पाजले तर मुकाट्याने पीत असे.

सासूबाईंनी उभे आयुष्य विड्या वळल्या. "तुझ्या नवऱ्याला मी सूप बाजूला सारून मांडीवर घेत होते, मला कोण रजा देणार होतं?" असे त्या म्हणत. सोलापुरात हजारो बायकांनी अशीच मुले वाढवली. काम घरात होते म्हणून पाजता आले, आणि घरात होते म्हणूनच तंबाखूची धूळ बाळाच्या नाकातोंडात जात राहिली. त्यांनी सहाण आणि बाळगुटीचा बटवा काढला तेव्हा मी सरळ नाही म्हणाले नाही. "आई, सहा महिने होऊ द्या, डॉक्टरांना विचारून मग बघू," एवढ्यावर विषय थांबला. हळकुंड, जायफळ, वेखंड उगाळताना सहाण आणि पाणी किती स्वच्छ आहे यावर सगळे अवलंबून असते, हे त्यांना मान्य होते. वेखंड अजिबात नको, हे माझे म्हणणे मात्र त्यांना पटायला वेळ लागला.

सर्वांत कठीण काळ नाईट ड्युटीचा. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे दुधाच्या दृष्टीने मोलाचे, आणि नेमक्या त्याच वेळी मी बारा तास घराबाहेर. दर तीन-साडेतीन तासांनी काढायचे ठरवले होते, पण एका रात्री पाठोपाठ दोन सिझेरियन आली आणि पहाटेपर्यंत बसायलाही मिळाले नाही. सकाळी डाव्या बाजूला लालसर, गरम गाठ आणि दुपारी थंडी वाजून ताप. असे झाले की त्या बाजूने पाजणे बंद करायचे, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे, पाजत राहायचे असते आणि ते दूध बाळाला अपाय करत नाही. गार पट्ट्या, पॅरासिटामॉल, विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेले स्तनपानात चालणारे अँटिबायोटिक यांनी गाठ उतरली. त्यानंतर नाईटला आम्ही दोघी सिस्टर एकमेकींना वेळ राखून देऊ लागलो. ती चहाला जाई तेव्हा मी तिचे बेड बघत असे आणि माझ्या वेळेला ती माझे.

या काळात माझ्या वॉर्डातल्या कामातही फरक पडला. आमच्याकडे मराठीइतक्याच तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बायका येतात, त्यामुळे दुधासाठीच्या त्यांच्या 'पालु' आणि 'हालु' या शब्दांपासून सुरू करून हातांनीच बरेचसे समजावावे लागते. दूध पुरत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्या आईला मी आजही आधी दुपटी मोजायला सांगते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सिझेरियन झालेलीला टाक्यांवर भार पडू नये म्हणून बाळ काखेत धरून पाजायला शिकवते. यात नवी भर एवढीच की डिस्चार्जच्या आधी मी प्रत्येकीला 'कामावर कधी जाणार' हे विचारते. टॉवेलच्या कारखान्यात जाणारी असो की धुणीभांडी करणारी, तिला हाताने दूध काढायला तिच्याच हातांनी करून दाखवते, कारण घरी गेल्यावर ते दाखवणारे कोणी नसते. कायद्याची रजा यांतल्या बहुतेक जणींच्या वाट्याला येत नाही, महिन्या-दोन महिन्यांत त्या कामाला लागतात.

सहा महिन्यांनंतर उष्टावण झाले, मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व सुरू झाले आणि ड्युटीतले एकेक वेळचे दूध काढणे आपोआप कमी होत गेले. ते एकदम बंद केले नाही, दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवत नेले, त्यामुळे पुन्हा गाठ झाली नाही. पंधरा महिने पूर्ण झाल्यावर कलम ११ ची सुट्टी संपली तेव्हा तिची गरजही उरली नव्हती. आता सकाळी निघण्यापूर्वी आणि घरी आल्यावर मुलगी पिते, आणि दोन वर्षांपर्यंत तरी ते चालू ठेवायचे आहे. इनचार्ज सिस्टरांनी माझ्या अर्जाची झेरॉक्स वॉर्डच्या फाईलला लावून ठेवली होती. तिच्यावरून रजेवरून आलेल्या आणखी दोघींनी आपापले अर्ज दिले आणि त्यांच्या वेळा विनाप्रश्न मंजूर झाल्या. त्यांतल्या एकीने पाळणाघराच्या मागणीचा वेगळा अर्जही जोडला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.