नेढ्यात ओतलेलं इपॉक्सी: जुन्या कुऱ्हाडीला नवा दांडा बसवताना

जुन्या कुऱ्हाडीच्या कामात गंज काढणं, नवा दांडा घडवणं आणि धार लावणं ही तिन्ही कामं मला मनापासून आवडतात. पण या वेळी मोडका दांडा नेढ्यातून, म्हणजे पात्यातल्या दांडा बसवायच्या भोकातून, काढताना जो वैताग आला, तो अजून उतरलेला नाही. माझ्याआधी कुणीतरी सैल झालेला दांडा घट्ट करायला नेढ्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर दगडासारखा कडक होणारा गोंद) ओतलं होतं, वरून खिळे ठोकले होते आणि सगळ्यावर रंग फासला होता. सैल दांड्याला लाकडाची एक पाचर पुरते. ती तासायला असा कितीसा वेळ लागतो?

गंजाचं काम सुरळीत झालं. पातं रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवलं, तारेच्या ब्रशने घासलं, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं आणि लगेच पुसून तेलाचा हात दिला. सोडा टाळू नका, आम्ल राहिलं तर गंज लगेच परत धरतो. घासल्यावर धारेलगत एक गडद पट्टा उमटला आणि त्याच्या मागे फिकं लोखंड. पूर्वीचे लोहार मऊ लोखंडाच्या अंगाला कडक पोलादाची धार तापवून जोडत, तो सांधा व्हिनेगरमुळे असा उघडा पडतो. तो पट्टा पाहिला आणि हे पातं वाचवायचंच असं ठरवलं.

दांडा पात्याला लागून करवतीने कापला. नेढं वरच्या तोंडाशी रुंद असतं आणि पाचरीमुळे दांडा तिथेच फुगलेला असतो, म्हणून आत उरलेला ठोकळा खालून वर ठोकून काढायचा. वरून खाली ठोकला तर तो आणखी आवळतो. मी पातं व्हाइसच्या जबड्यांवर उलटं ठेवलं, पंच लावला आणि हातोडा चालवला. ठोकळा तसूभर हलेना. लाकूड पोखरावं म्हणून ड्रिल लावलं तर बिट खिळ्यावरून घसरलं. जागा बदलली, तिथेही खिळा. लाकूड मिळालं तिथे भोकं पाडली, भुसा निघाला, पण नेढ्याच्या भिंतीला इपॉक्सीचं पिवळट कवच तसंच चिकटून होतं. पटाशीची धार गेली आणि कवचावर नुसते पांढरे ओरखडे उठले.

अशा वेळी ज्याला त्याला एकच उपाय सुचतो: विस्तवात टाक, जळून जाईल. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. कुऱ्हाडीची धार टिकते ती लोहाराने दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे पोलाद लालबुंद तापवून झटकन निववून कडक केल्यामुळे. पाणी दिल्यावर पोलाद फार ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा बेताने तापवून जरा नरम करतात. लखलखीत घासलेलं पोलाद तापवत गेलं तर साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसला त्यावर फिका पिवळा रंग चढतो आणि 300 च्या आसपास निळा. धार निळी पडली की पाणी उतरलं म्हणून समजा. मग कितीही घासा, लाकडावर पडताच ती वळते. विस्तव तर या आकड्यांच्या कितीतरी पुढे जातो. धार ओल्या मातीत पुरून फक्त नेढं तापवायची युक्ती जुनी आहे, पण लहान पात्यात नेढ्यापासून धारेपर्यंत अंतरच किती असतं! एकदा उतरलेलं पाणी तुमच्या-माझ्यासारख्याला घरी परत देता येत नाही. धारेला ग्राइंडर लावणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं, तिथली पातळ कड क्षणात निळी होते.

माझी सुटका केली उकळत्या पाण्याने. उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे पोलादाला धक्का लागत नाही, आणि दोन नळ्यांतलं साधं इपॉक्सी तेवढ्या उष्णतेला नरम पडतं. स्वयंपाकात पुन्हा वापरायचं नाही असं भांडं घेतलं, मोकळ्या हवेत चूल मांडली आणि पातं खळखळत्या पाण्यात सोडलं. मग बसून राहण्याखेरीज काही हातात नव्हतं. बऱ्याच वेळाने जाड हातमोज्यांनी पातं उचलून व्हाइसमध्ये आवळलं आणि अणकुचीदार सळईचं टोक कवचात दाबलं. टोक आत रुतलं! इतक्या खटपटीनंतर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. खिळ्याचं डोकं पकडीत धरून पिळलं, तसा तो कुरकुरत अर्धा वर आला आणि थांबला, कारण तेवढ्यात पातं निवलं होतं आणि इपॉक्सी पुन्हा दगड झालं होतं. परत पाण्यात, परत वाट पाहणं, परत घाईघाईने टोकरणं. खिळे असेच एकेक करून निघाले.

एवढं होऊनही ठोकळा अडलेलाच, कारण उकळून लाकूड फुगलं होतं. इथे जोर लावण्यात अर्थ नसतो. पातं सावलीत ठेवून दिलं. लाकूड सुकून आकसलं, कडेने बारीक फट दिसू लागली, तेव्हा पंचावर घाव घातला आणि ठोकळा सरकत बाहेर आला. हातात घेऊन पाहिला तर पाचरीसाठी दांड्याच्या टोकात कापलेल्या मधल्या चिरेत पाचर नव्हतीच, चीर इपॉक्सीने भरलेली होती. राग यायचा तो आलाच.

यावरून आठवलं, सैल कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची सवय असेल तर सोडा. फुगलेलं लाकूड नेढ्यात दाबलं जाऊन त्याचे तंतू चुरडतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा सैल होतो.

नव्या दांड्याला हिकरी, ॲश किंवा बाभूळ चालते, पण लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेला समांतर असाव्यात आणि बाजूने त्या दांड्याच्या पूर्ण लांबीला धरून जाव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडणाऱ्या रेषेवर दांडा मोडतो. नेढ्याच्या आत पेन्सिलीची पूड चोळा, दांडा ठोकून बसवा, काढा, आणि काळं लागलं असेल तेवढंच मरफ्याने (लाकडाच्या खरबरीत कानशीने) घासा. मधली चीर नेढ्याच्या साधारण दोन तृतीयांश खोलीपर्यंत कापायची.

पातं चढवताना दांडा उभा धरा, पातं खाली लोंबकळतं ठेवा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरी मारा. पातं खाली पडायला हवं असं वाटतं, पण जड असल्यामुळे ते जागीच राहतं आणि दांडा त्यातून पुढे सरकतो. प्रत्येक ठोक्याला पातं दांड्यावर वर चढताना दिसतं, ते पाहून मी दर वेळी खूश होते. टोक नेढ्याबाहेर पाचेक मिलिमीटर आलं की कोरडी लाकडी पाचर ठोकायची. ते टोक सपाट कापू नका, पाचरीने फाकून तेच पात्याला अडवतं. चिकटवायला काहीही नको.

दांड्याला उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने लावलं. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. धार कानशीनेच काढा. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना उचलायची. ती धारेवर घसरत असेल तर पोलाद कडक आहे, फारच सहज खात असेल तर कुणीतरी आधीच पाणी उतरवलेलं असू शकतं.

आणि हे खरं तर जुनी कुऱ्हाड घेतानाच पाहायचं: नेढ्याच्या बाजूंना तडा आहे का. रंगाखाली तडे लपतात, तसंच इपॉक्सीही. वरच्या तोंडाशी लाकडाऐवजी गुळगुळीत रंग दिसला तर तो नखाने खरवडून बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा पॉलिशपेपर मारून त्याची धूळ उडवू नका. तुंब्याच्या, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूच्या, कडा घणाचे घाव खाऊन बाहेर वळल्या असतील तर त्या कानशीने उतरवा, त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जातात.